तक्त्याची दृष्ट

हल्ली हरणं मोजायला कॅमेरे लावतात म्हणे. पण त्या कॅमेऱ्यांना चहा कोण विचारतं? एकाहत्तर साली मी नगरला वनखात्यात कारकून होतो. कर्जतच्या माळावरची काळविटं मोजायची आणि तक्ता करून साहेबांपुढं ठेवायचा, हे माझं काम.

मोजणी उरकून माळाकडेच्या गोदामावशींकडं चहाला टेकलो, तर त्या उखडल्याच. "लेकरं कुनी अशी मोजतं व्हय? दिष्ट लागंल की!" हरणं काही हाताशी येणार नव्हती, म्हणून त्यांनी माझ्या तक्त्यावरूनच मीठ-मिरच्या ओवाळून चुलीत टाकल्या. धुरानं आम्ही खोकून बेजार. मावशी मात्र खूश. "ठसका लागला न्हवं? मंजी दिष्ट न्हाई."

तक्ता हातात घेताच साहेब भडकले, "सरकारी कागदाला फोडणी दिलीत काय?" मी मावशींचं ठसक्याचं सांगितलं, तर आणखी बोलणी खाल्ली.

पुढच्या वर्षी दुष्काळ पडला. माळ करपला, पाणवठे आटले. मोजणी करून परतलो, तर साहेब दारातच उभे. आकड्यांकडं न बघता त्यांनी तक्ता नाकाला लावला, मुद्दामच एकदा खोकले आणि म्हणाले, "हां. आता सांगा, किती राहिलीत."