मागच्या गल्लीतून दुसरी लाइन

हॅलो? … हॅलो, चिमणे? अगं, मावशी बोलतेय. … नाही, माझी तब्येत ठणठणीत आहे, राउटरची बिघडलीय. ऑफिसात आहेस का? … मग जरा बाहेर ये ना, दहा मिनिटं.

… हो, दुसरं कनेक्शन घेतलं. … त्याच कंपनीचं. … अगं ऐक ना! आमच्या इमारतीत दुसरी कंपनी येतच नाही. पण जुनी लाइन पुढच्या रस्त्यावरून येते, ही नवी मागच्या गल्लीतून. गेल्या आठवड्यात खणणाऱ्यांनी पुढचीच तोडली ना… हो, हो, तेव्हाच! त्या नवराबायकोला ऐकू येत नाही, डॉक्टरीणबाई बोलतायत, मी व्हिडिओवर खुणांच्या भाषेत हातांनी सांगतेय. "बाळ आडवं आहे" एवढं सांगितलं आणि माझं चित्र अडकलं. पुढचं "पण वळेल" हातातच राहिलं! … पाच मिनिटं, बाई. शेवटी डॉक्टरीणबाईंनी कागदावर लिहून दाखवलं. तोवर ती बिचारी माझ्या थिजलेल्या हाताकडे बघत रडत बसली होती. मला जेवण गेलं नाही त्या दिवशी.

… त्यांचाच पुन्हा कॉल आहे, आज चार वाजता. म्हणून तर तुला फोन केला.

… हो, दोन लाइनी घेणारा राउटरच आणलाय. वायरी लावल्यात. पण एक जोडली की दुसरी पडते, दुसरी जोडली की पहिली. एका म्यानात दोन तलवारी, दुसरं काय! … युजरनेम? दोन्हीकडे तेच टाकलंय. … का म्हणजे? कंपनी एक, गिऱ्हाईक एक, मग नावं कशाला दोन? … अच्छा… अच्छा! दर लाइनीचं वेगळं? … हसू नकोस गं कार्टे!

अहो, नव्या लाइनीचा कागद कुठंय? … तुला नाही, तुझ्या काकांना. … फ्रिजवर म्हणतायत. … नाहीये फ्रिजवर. … सापडला! चष्म्याच्या डबीत, घडी घालून. हरवू नये म्हणून ठेवला होता म्हणे.

हं, सांग. … दुसऱ्या लाइनीत नवं नाव… नवा पासवर्ड… सेव्ह. … फिरतंय… फिरतंय… हिरवं झालं! … पहिली? तीही हिरवीच आहे! … नको, एवढ्यात शाबासकी नको. आधी वायर काढून बघू.

हे बघ, लॅपटॉपवरून तुला व्हिडिओ लावते, फोनही चालूच असू दे. … दिसतेय? केस बघू नकोस, हात बघ. अहो, पुढची वायर ओढा! … अडकलं? अरे देवा. … थांब, थांब… आलं? हलतोय हात? … किती वेळ गेला? … तीन सेकंद? अगं, तीन सेकंद तर शिंकायला लागतात! … हे? मघापासून हेच करतेय मी. याचा अर्थ "वळेल". आठवडाभर हातात राहिलं होतं.

… नाही गं, रडत नाहीये. … बरं, थोडीशी.

… किती? चारला पाच कमी? अहो, ती वायर परत खोचा! … हो चिमणे, डॉक्टरीणबाईंना बजावलंय, आज चांगलं असेल ते आधी बोला, मग बाकीचं. … आला, त्यांचा कॉल आला! हसतेय गं ती… ठेवते, ठेवते, मला दोन्ही हात लागतात!