सात थरांची गादी आणि सासरेबुवा

...आणि वर मलाच विचारतात, "जावईबापू, ही गादी तुम्ही पाहून घेतलीत, की झोपून?" आता तुम्हीच सांगा, याला माणसानं काय उत्तर द्यावं? पाहून म्हणालो तर मी मूर्ख, झोपून म्हणालो तर आळशी. मी म्हटलं, दोन्ही. तर म्हणाले, "हं." ते 'हं' तुम्ही ऐकलेलं नाही, म्हणून असे निवांत बसलाय. ते नाकातून निघतं आणि समोरच्या माणसाची पार खोळ काढून ठेवतं!

तुम्हाला सांगतो, आमचे सासरे गादीवाले. म्हणजे विकणारे नव्हेत हो, भरणारे, शिवणारे. पन्नास वर्षं एका गाळ्यात जमिनीवर वाकून बसले, कापूस भरला, दाभणानं टाके घातले आणि निम्म्या शहराला झोपवलं. आणि स्वतः? स्वतः चटईवर! थंडी पडो, कंबर ठणको, गादीला पाठ लावणार नाहीत. का, ते कुणालाच ठाऊक नव्हतं. सासूबाई गेल्यावर आम्ही त्यांना आमच्याकडे आणलं, तेव्हा एका बगलेत चटईची गुंडाळी आणि दुसऱ्या बगलेत दाभणांचा डबा. झालं सामान.

आणि त्यांचा तो एक प्रश्न... कुठलीही वस्तू पुढ्यात ठेवा, आधी लांबून बघणार, मग बोटानं दाबणार, मग विचारणार, "वरून सगळंच छान असतं. आत काय भरलंय?" डॉक्टरांनी कॅप्सूल दिली, यांनी ती उघडून बशीत ओतली. बायकोनं नवी उशी आणली, हिनं पाठ फिरवली तेवढ्यात उशीचं पोट उसवून परत शिवून ठेवलं. अहो, मी लग्नाचं विचारायला गेलो होतो, तर माझ्या नव्या कोटाकडे बघून हेच विचारलं होतं. मी म्हटलं, चष्म्याच्या दुकानात नोकरी आहे. तर म्हणाले, "हं."

तर शेवटी कंबरेनं हात टेकले. सकाळी चटईवरून उठायला अर्धा तास... आधी कुशीवर, मग गुडघ्यांवर, मग भिंत धरून... आणि उभे राहिले तरी असे, की जमिनीवर काहीतरी पडलंय आणि ते शोधतायत. डॉक्टरांनी मणक्याचा फोटो उजेडात धरला आणि म्हणाले, "चटई आजपासून बंद. चांगली गादी बघा, कंबरेला आधार देणारी. नाहीतर आधी काठी आणि मग कायमचं अंथरूण." घरी परतताना लिफ्टमध्ये बायको भिंतीकडे तोंड करून उभी राहिली, आणि आमच्या लिफ्टच्या भिंतीत बघण्यासारखं काही नसतं.

म्हणून गेलो आम्ही दुकानात, दोघंच. काय ते दुकान... गार, शांत, जिकडे तिकडे पलंग, आणि विक्रेता असा हळू आवाजात बोलणारा की जणू बाकीची गिऱ्हाइकं खरंच झोपलीयत. "सर, डोळे मिटा आणि कंबरेलाच विचारा." आता कंबरेला काय विचारायचं? पण झोपलो. त्यानं सांगितलं, कंबरेखाली हात घालून बघा, हात मोकळा फिरला तर गादी कडक, मुळीच शिरला नाही तर मऊ. माझा अलगद शिरला आणि जरासा अडला. मग म्हणाला, मॅडम, तुम्ही त्या बाजूला वळा, सरांना कळणारसुद्धा नाही. ती वळली. मला कळलं नाही. ती तीन वेळा वळली आणि दोनदा उठून बसली, तरी मला कळलं नाही, आणि मग ती म्हणाली, तुम्हाला एरवी तरी काय कळतं... ते जाऊ दे. गादी घेतली. सात थर, सगळे निसर्गातले, प्लॅस्टिक औषधालाही नाही, आणि पोटात हजारभर स्प्रिंगा, प्रत्येक स्प्रिंग आपापल्या कापडी खिशात.

गादी घरी आली आणि परीक्षा सुरू झाली. सासरेबुवांनी आधी तिच्याभोवती चार फेऱ्या मारल्या. मग मूठ गादीत दाबून धरली, सोडली आणि खळगा भरून यायला किती वेळ लागतो ते घड्याळात बघितलं. मग काठावर बसून दोन्ही बूट घातले, काढले, पुन्हा घातले... काठ खचतो का ते बघायला. मग एका टोकाला काठोकाठ भरलेला पेला ठेवला आणि दुसऱ्या टोकाला मला बसवलं. "बसा." बसलो. "आपटून बसा." आपटून बसलो. पाणी हललं नाही. तुम्हाला वाटेल, माणूस खूश होईल! छे. पाणी हललं नाही म्हणून संशय दुप्पट. म्हणाले, "पाणी हलायला पाहिजे होतं."

मी माहितीपत्रक वाचून दाखवलं. लोकर, कापूस, ताग, नारळाचा काथ्या, घोड्याचे केस... तिथे त्यांनी मला थांबवलं. "घोड्याचे? घोड्यानं सांगितलं?" मी म्हटलं, छापलंय. म्हणाले, "छापतात. वरून सगळंच छान असतं. आत काय भरलंय?"

पण खरा घोटाळा पुढेच झाला. चौथ्या दिवशी दुपारी बायकोनं हट्टच धरला, बाबा, माझ्यासाठी पाच मिनिटं पडा. पडले. डोळे उघडे, हात छातीवर, बूटसुद्धा पायात. दोन मिनिटांत घोरायला लागले! आम्ही दारात उभे, एकमेकांकडे बघतोय, श्वाससुद्धा जपून. पाऊण तासानं दचकून उठले, गादीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, "यात औषध मिसळलंय."

मी म्हटलं, अहो, कसलं औषध?

"झोपेचं. माणूस पडला की लगेच झोप लागते, असं कुठे असतं का?"

झालं. त्या दिवसापासून गादी पलंगावर आणि हे खाली चटईवर, आणि जागे असतील तेव्हा शेजारी खुर्ची टाकून तिच्यावर पहारा. आणि मला हुकूम, कंपनीला फोन लावा, परत न्यायला सांगा. महिनाभर वापरून परत द्यायची सोय होती ना, ती मीच हौसेनं सांगून बसलो होतो. फोनवरची बाई गोड आवाजात म्हणाली, "आपली तक्रार काय आहे, सर?" आता काय सांगू? म्हटलं, फार झोप येते. तिनं मला ते पुन्हा म्हणायला लावलं. मग म्हणाली, माणूस पाठवते, मंगळवारी.

त्याच्या आधीच्या रविवारी मी दुपारी बाहेरून आलो, तर घरात केस जळल्याचा वास. बायको स्वयंपाकघरातून धावत आली, आपल्या केसांना हात लावून बघतेय. आम्ही दोघं आतल्या खोलीत गेलो, तर... गादीची एक कड हातभर उसवलेली. सासरेबुवा जमिनीवर, पुढ्यात मेणबत्ती, बशीत काळे ठिपके. एकेक धागा काढायचा, जाळायचा, वास घ्यायचा, राख चिमटीत चोळायची. मला म्हणाले, "बसा. प्लॅस्टिक असलं तर त्याची कडक गोळी होते. कापूस जळला तर कागदाचा वास येतो. लोकर न् केस जळले तर हा असा." मी विचारलं, मग? म्हणाले, "वरचे थर खरे आहेत."

मला वाटलं, सुटलो. म्हटलं, मग झालं तर, शिवा आता. तर मान हलवली. वरचे थर सगळेच खरे भरतात, म्हणाले, गिऱ्हाईक तिथेच हात लावतं. मधे कुणी बघत नाही. आणि बाही दंडापर्यंत मागे सारली, आणि हात आत घातला, कोपरापर्यंत, मग खांद्यापर्यंत, गाल गादीला टेकलेला, डोळे मिटलेले... खूप वेळ चाचपत होते. मग चिमूटभर काहीतरी बाहेर काढलं आणि मेणबत्तीवर धरलं. तोच वास. लोकर. मधेही लोकरच.

तुम्हाला सांगतो, मला वाटलं आता 'हं' येणार. नाही आलं. ते तसेच बसून राहिले, ती राख चिमटीत धरून. मग बायकोला म्हणाले, "तू लहान होतीस. एक शाळेतल्या बाई होत्या, त्यांच्या नवऱ्याची कंबर गेली होती. त्याच्यासाठी गादी करायला टाकली. त्या महिन्यात मला कापूस पुरत नव्हता. वर-खाली नवा भरला, आणि मधे एका जुन्या गादीचा, कुजका."

बायको म्हणाली, बाबा, एवढी वर्षं झाली.

"दुसऱ्या दिवशी त्या गाळ्यावर आल्या. मला वाटलं, कळलं. तर आभार मानायला आल्या होत्या. म्हणाल्या, मास्तर, तुमच्या हाताला देव आहे, यांना कित्येक दिवसांनी झोप लागली. मग कुठल्या तोंडानं गादीवर झोपू?"

आता एरवी मी अशा वेळी काहीतरी बोलून सगळं बिघडवतो, पण त्या दिवशी फक्त मेणबत्ती विझवली. बायकोनं उठून खिडकी उघडली, बशी धुतली, आणि त्यांच्या पुढ्यात दाभणांचा डबा आणून ठेवला. त्यांनी डबा उघडला. दाभण निवडलं, दोरा ओवला. तासभर टाके घालत होते, दोरा ओढायचा, अंगठ्यानं दाबायचा, पुढचा... मी दिवा धरून उभा. शेवटची गाठ आत लपवली, बूट काढून कॉटखाली नीट जोडून ठेवले आणि गादीवर आडवे झाले. तीन तास! चहाची वेळ टळली, शेजारच्यांनी भिंतीत खिळे ठोकले, तरी हलले नाहीत. रात्री तिथेच झोपले. सोमवारी सकाळी मी दाढी करत होतो, तर आरशात मागून सासरेबुवा चालत गेले. वाकलेलेच, पण भिंत न धरता. बायकोनं ती चटई गुंडाळून माळ्यावर टाकली, आणि त्यांनी बघूनही न बघितल्यासारखं केलं.

या सगळ्यात ते बोलावणं रद्द करायचं कुणाच्या लक्षात राहिलं? माझ्या? मंगळवारी बेल वाजली. कंपनीचा माणूस, हातात बॅटरी, टेप, कागदांची फळी. त्यानं गादी तपासली, मापं घेतली, कड चाचपत चाचपत आला... आणि थांबला. म्हणाला, "ही शिवण आमची नाही."

मी लगेच सुरू झालो, म्हणजे त्याचं काय झालं, आमच्याकडे मांजर... आमच्याकडे मांजर नाही हो! पण सासरेबुवा खुर्चीतून उठले. "मी उसवली. आत काय भरलंय ते बघायला."

तो म्हणाला, मग काका, ही परत घेता येणार नाही, आणि दहा वर्षांची हमी होती तीही गेली. बोलत होता हे सगळं, पण अंगठा त्या टाक्यांवरून फिरतच होता. मग बॅटरी जवळ धरली आणि जरा आवाज खाली आणून म्हणाला, "पण टाके... आमच्या कारखान्यात असा हात कुणाचा नाही."

"हं," सासरेबुवा म्हणाले. पण हे 'हं' वेगळं होतं. हे छातीतून आलं.

बायकोनं मुद्दामच विचारलं, बाबा, मग परत नाही द्यायची? म्हणाले, "कशी देणार? आता त्यात माझे टाके आहेत."

त्या माणसानं कागदावर एक रकाना खोडला, दुसरा भरायला घेतला. अभिप्राय लिहावा लागेल म्हणाला, आराम कसा आहे, कंबरेला आधार मिळतो का... आम्ही सगळे सासरेबुवांकडे बघतोय. त्यांनी गादी मुठीनं एकदा दाबली, खळगा भरून येईपर्यंत थांबले आणि म्हणाले, "लिहा. झोप लागते. लक्ष ठेवून आहे."

त्यानं तसंच्या तसं लिहिलं, आणि खाली 'समाधानी ग्राहक' असं छापलेलं होतं, तिथे सही करायला कागद माझ्यापुढे सरकवला. केली. काय करता!