गाणं गेलं कुठं?

...आणि वर मलाच म्हणतो, 'तोर्किल्ड, जुनाट राहिलास तू!' कोण? आमचा जावई, येप्पे. नाताळला आला आणि कॉम्प्युटरमागच्या सगळ्या वायरी उपटून, पिशवीत कोंबून भंगारात देऊन आला. कीबोर्डची, माऊसची, प्रिंटरची... 'आता सगळं हवेतून!' म्हणे. तुम्हाला सांगतो, वायरीचं एक बरं असतं, ती कुठं जाते ते दिसतं.

आता माऊसचं बघा. नखाएवढा तुकडा दिलाय, तो कॉम्प्युटरला खुपसायचा, तो हरवला की माऊस मेला. प्रिंटर वाय-फायवर, लहर लागली तर छापतो. आणि कीबोर्ड ब्लूटूथवर. ब्लूटूथ म्हणजे आमच्या डेन्मार्कचाच जुना राजा हॅराल्ड, निळ्या दाताचा, त्यानं म्हणे माणसं जोडली, म्हणून त्याचं नाव. जोडली असतील... त्याला कुठं येप्पे होता?

तर आमच्या हिची, बोडिलची, साठी. आता आमच्याकडे रीतच आहे, साठीला नवऱ्यानं गाणं लिहायचं, ओळखीच्या चालीवर, छापून प्रत्येकाच्या ताटाशी ठेवायचं, सगळ्यांनी मिळून गायचं. आणि तिला आधी पत्ता लागू द्यायचा नाही! त्यातच तर सगळी गंमत. तिला एकदा चकित करायचं, एवढीच माझी इच्छा होती हो.

दार लावून बसलो. मी दोन बोटांनी टाइप करणारा, नजर बटणांवर. तिची सायकल, तिचं घोरणं, तिच्या आईचा स्वभाव... काय रंगलं होतं! मान वर केली, तर पडदा कोरा! अक्षर नाही! अहो, मग गेलं कुठं? वायर असती तर बोटानं माग काढत गेलो असतो. वायरीचं एक बरं असतं, ती कुठं जाते ते दिसतं...

तेवढ्यात पलीकडच्या खोलीतून बोडिल, अगदी शांतपणे: 'तोर्किल्ड, तिसऱ्या कडव्यातून आईला काढ.'

कीबोर्डनं परस्पर तिच्या टॅबशी सोयरीक जमवलेली! ती बहिणीला लिहीत होती, प्रिय इंगर, येताना काकडीचं लोणचं आण... आणि त्याला चिकटून माझं अख्खं काव्य, घोरण्यासकट! माझं अवसानच गळालं. फार वाईट वाटलं. तर ही दारात येऊन म्हणते, 'मी काही वाचलेलं नाही हं. चौथं कडवं मात्र लांबलंय.' मग दुरुस्त तिनंच केलं आणि छापलंही तिनंच, टॅबवरून, हवेतून, एका दमात. मी आपला कागद मोजत बसलो.

दुसऱ्या दिवशी पाहुणे जमले, हिनं कागद उचलला, आणि काय सांगू! डोळे विस्फारलेले, हात तोंडावर, 'अय्या, तोर्किल्ड! मला कल्पनाच नव्हती रे!' गालावरून खरंखुरं पाणी. इंगर रडली, येप्पे रडला. क्षणभर मलासुद्धा वाटलं, हिला खरंच माहीत नव्हतं!

आणि घास हातातच राहिला... पन्नाशीच्या गाण्यालाही ती अशीच रडली होती. चाळिशीच्याही. अगदी अशीच. आणि तेव्हा तर माझ्या कीबोर्डला चांगली जाडजूड वायर होती!