जाळीचा गुणाकार अन् शाबासकी

हसू नका, पण उलट्या वाचलेल्या उत्तराला मला शाबासकी मिळाली व्हती. निजामाचं राज्य. बेंबळीचा म्या, तालुक्याच्या उर्दू शाळंत नवा. उर्दू उजवीकडून वाचायची, एवढं डोक्यात पक्कं बसलेलं.

मास्तरांनी जाळीचा गुणाकार शिकवला. चौकटी आखायच्या, प्रत्येकीत तिरपी रेघ, रेघंच्या वर दशक, खाली एकक. मग तिरप्या ओळीनं बेरीज केली की उत्तराचे आकडे जाळीच्या कडंनं येतात.

सहासष्ट गुणिले बेचाळीसची जाळी म्या सगळ्यांच्या आधी भरली. "सत्तावीसशे बहात्तर!"

"शाबास!" मास्तरांनी पाठ थोपटली.

दुसऱ्या दिवशी सदुसष्ट गुणिले बेचाळीस. म्या ऐटीत उठलो, "एक्केचाळीसशे ब्याऐंशी!"

मास्तरांनी माझी पाटी बघितली. "जाळी तर बरोबर हाय. उत्तर कुठून वाचलंस?"

"उजवीकडून, साहेब. उर्दू शाळा हाय न्हवं?"

"अरे, आकडे उर्दूतबी डावीकडूनच वाचतात. अठ्ठावीसशे चौदा. अन् काल?"

"कालबी उजवीकडूनच. दोन-सात-सात-दोन, कुठूनबी वाचा, तेच येतंय."

मास्तर शांतपणे म्हणाले, "मग कालची शाबासकी वापस कर."

मास्तरांचा हुकूम मोडायचा कसा? म्या पुढं गेलो अन् त्यांची पाठ थोपटली.