मंजिरीचं झाड

—म्हटलं ना तुम्हाला, मेंबर इथं नाहीत. फणसवाडीत कशाला येतील ते? त्यांचं बिऱ्हाड लालबागला, माणसं लालबागची, म्युन्सिपालटीत निवडून दिलं तेही लालबागनंच. ही माझी खोली. मी शेवंता, मेंबरच्या बायकोची मावसबहीण — हो, पुतळाबाईची. ती गेली वेंगुर्ल्याला, माहेरी. राहून तरी काय करणार? लाच खाल्ली म्हणून कोर्टानं नवऱ्याला शिक्षा दिली, वर अपील केलं तेही फेटाळलं, पेपरात फोटो आला — कुठल्या तोंडानं बाई चाळीत वावरणार? बसा ना, उभे का? उंबऱ्यावर नको, खुर्ची आहे. समितीचे आहात म्हणता — बरं. समितीच्या माणसाच्या पायात असल्या जाड तळाच्या चपला मी पहिल्यांदाच बघते. नाही, सहज आपलं. उन्हातान्हाचं फिरावं लागत असेल, जाड असलेल्या बऱ्या.

आणि आत्ताच कशाला शोधता त्यांना? रविवारी महाराष्ट्र होतोय. अख्खी मुंबई रस्त्यावर येणार, ह्या गॅलरीतसुद्धा पणत्या लागणार — तेवढा रविवार होऊ द्या हो, सोमवारी माणूस आपल्या पायांनी चौकीवर जाईल. — मला कसं ठाऊक? ठाऊक कसलं, अंदाज! छप्पन साली ज्यानं ह्याच्यासाठी तुरुंग बघितला, त्याला तो दिवस बघावासा वाटणार नाही? तेव्हा यायला हवं होतं तुम्ही. चाळीखाली पोलिसांची गाडी, जिन्यात पाय ठेवायला जागा नाही, बायका-पोरं ओरडतायत, घोषणा चालल्यायत — आणि पुतळीनं तबक आणून दारात ओवाळलं. पोलीस काठ्या बगलेत मारून थांबले होते, ओवाळून होईपर्यंत. रडू नाही आलं मला — तिला, म्हणजे. छाती अशी भरून आली होती, की सगळ्या बायकांकडे बघून हसले मी. हसली ती.

मग निवडणूक झाली, मेंबर झाले. — लाच? हो, खाल्ली. मी कुठं नाही म्हणते? बहिणीचा नवरा म्हणून झाकू की काय? चाळींना नवे पाइप घालायचे होते, ठेकेदारानं जुनेच गंजके घातले, आणि ह्यांनी सगळं नीट आहे म्हणून मान डोलावली — ह्यांनी म्हणजे मेंबरांनी, आमच्याकडे बोलायची पद्धतच तशी. आणि बाकी काय घेतलं ते घेतलं, पण घरच्या मोरीत स्वतंत्र नळ! लालबागच्या चाळीत, मोरीत, नळ! खाली बायका एका हंड्यासाठी झिंज्या उपटतायत आणि वर धो धो पाणी. पहिल्या दिवशी पुतळी नुसती चावी सोडून बघत बसली होती, वेड्यासारखी. पुढच्या पावसाळ्यात त्या गंजक्या पाइपांत गटार शिरलं. समोरच्या गंगाधरची मुलगी गेली. हगवणीनं. तिची आई आली, पुतळीच्या दारात रिकामा हंडा पालथा घातला आणि गेली. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यानंतर त्या नळाचं पाणी नाही गेलं हो घशाखाली. विचारलं मी त्यांना, अहो, मान डोलावताना काहीच कसं वाटलं नाही? तर म्हणाले, हंडे घेऊन जिने चढताना तुझं कंबरडं मोडायचं ते बघवत नव्हतं. म्हणजे पुन्हा माझ्याच — पुतळीच्याच डोक्यावर. संताप येतो, काय सांगू तुम्हाला! तोंड बघू नये असं वाटतं. — तिनं सांगितलं ना मला. सगळं सांगते ती.

पाणी देऊ? — झाडाला? हां, ते डालड्याच्या डब्यातलं होय. त्याला सकाळीच घातलं. मंजिरीचं झाड ते. — असंच म्हणतात आमच्याकडे, मंजिरीचं झाड. हसलात का? — तुमची आई? वडलांचं नाव भिकाजी, म्हणून भिकाऱ्याला ती कधी भिकारी म्हणाली नाही? 'मागणारा आलाय' म्हणायची? भारीच. जुन्या बायका त्या, नवऱ्याच्या नावाचा वारासुद्धा जिभेला लागू द्यायच्या नाहीत. मी कशाला तसं करीन? माझ्या नवऱ्याचं नाव वेगळं. — म्हणून दाखवू? मी काय बालवर्गात आहे, झाडांची नावं म्हणून दाखवायला? — नाही, घाबरायचं काय त्यात. म्हणते की. तुळस. झालं? तुळस, तुळस, तुळस! आणि मेंबरचं नाव हवंय ना — तुळशीदास. तुळशीदास महादेव नाईक. घ्या! बायको घेईल का असं नवऱ्याचं नाव, तुम्हीच सांगा. उठा आता. माझा भात लागेल खाली.

काय बघता? — हात? कुठं गेला माझा हात? — सवयच आहे मला, मंगळसूत्र चाचपायची. सगळ्याच बायकांना असते. नाव घेतलं म्हणून नाही काही…

मोरीची कडी वाजवू नका. पाया पडते. आत दुसरं दार नाही, पळणार कुठं? तेवढा रविवार — नाही? बरं. नाही तर नाही.

अहो… ऐकलंत ना सगळं? या बाहेर. धुतलेला सदरा खुंटीला आहे, तो घाला. आणि दारात थांबू नका. ह्या वेळी मी ओवाळणार नाही.