दाराबाहेर बोलायचं नाही

चिंगी: या चपला भावोजींच्या आहेत, ताई.

ताई: मग? त्यांना जाऊन चार वर्षं झाली. ते काही मागायला येणार नाहीत.

चिंगी: तुझा पाय सहा नंबरचा. त्यांचा नऊ. आणि तरी तुला अंगठ्यापाशी घट्ट होतायत.

ताई: तो पुठ्ठा सरकव इकडे. खळ वाळायच्या आत पुस्तकाला कणा बसवायचाय. दुपारी कॉलेजचा माणूस येतोय पुस्तकं न्यायला.

चिंगी: मोजे काढ.

ताई: दुकानात?

चिंगी: दुकानात. गिऱ्हाईक आलं तर मी सांगते, बाइंडरबाईंना पायाला मुंग्या आल्यात. काढ.

ताई: तू गाडी शिकवतेस ना, मग क्लचवरचे पाय बघत जा. माझे कशाला... अगं, हळू.

चिंगी: मोज्याची कड कशी रुतलीय बघ. आणि हे काय? बोट दाबलं तर खड्डा पडतोय. भरून येईना.

ताई: दिवसभर उभं राहिलं की होतं.

चिंगी: आत्ता सकाळचे दहा वाजलेत. किती दिवस झाले याला?

ताई: दोन महिने. तीन असतील.

चिंगी: तरीच मागच्या वेळी जिन्यात मध्येच थांबलीस आणि मला म्हणालीस, भिंतीचा रंग बघतेय.

ताई: रंग उडालाच होता.

चिंगी: ताई, चल डॉक्टरांकडे. गाडी बाहेर उभी आहे.

ताई: नाही.

चिंगी: का?

ताई: कारण मला माहितीय ते काय सांगणार. बाबांचे पाय असेच सुजले होते.

चिंगी: मला काहीच आठवत नाही त्यातलं.

ताई: तू सहा वर्षांची. तुला आत्याकडे पाठवलं होतं. मी सोळाची होते, म्हणून घरात होते. डॉक्टरांनी बाबांना तपासलं आणि आईला दाराबाहेर घेऊन गेले. मी दारामागे उभी. म्हणाले, हृदय गेलंय, पंधरा दिवस धरा. आत आले तर बाबांनी विचारलं, काय म्हणाले गं? मी म्हटलं, आठवड्यात हिंडायला लागाल. त्यांनी माझ्याकडे नुसतं बघितलं. त्यानंतर त्यांनी कुणालाच काही विचारलं नाही.

चिंगी: मग?

ताई: बाराव्या दिवशी गेले.

चिंगी: आणि हे तू मला छत्तीस वर्षांत सांगितलं नाहीस.

ताई: सांगून तुझी झोप कशाला उडवायची? माझी उडालीय ती पुरे.

चिंगी: ऊठ. पुस्तकं उद्या नेईल तो. ऊठ ताई, नाहीतर मी इथंच खाली बसून रडेन, आणि मी रडायला लागले की कशी दिसते ते तुला माहितीय.

*

डॉक्टर: मान थोडी डावीकडे वळवा, मावशी. अशाच अर्धवट टेकून राहा. ही मानेतली शीर फुगलीय, ते कधी लक्षात आलं?

ताई: आरशात बघायला वेळ कुणाला असतो.

चिंगी: तिनं आरसा भिंतीकडे तोंड करून ठेवलाय, डॉक्टर. मी मघाशी पर्स घ्यायला घरी गेले तेव्हा बघितलं.

डॉक्टर: बरगडीखाली उजवीकडे दाबते. दुखतं?

ताई: दुखतं. जेवणही जात नाही. दोन घास खाल्ले की पोट तट्ट. आणि वजन मात्र वाढतंय. न खाता वजन वाढणारी मीच पहिली असेन.

डॉक्टर: ते वजन पाण्याचं आहे. आता आपण हृदयाची सोनोग्राफी केली ना, त्यात काय दिसलं ते सांगते. दोघींना सांगू, की...

ताई: मला सांगा. ही ऐकली तर ऐकू दे.

डॉक्टर: हृदयाला दोन बाजू असतात. डावी सगळ्या अंगाला रक्त पुरवते. उजवीचं काम त्या मानानं हलकं. अंगातून परत आलेलं रक्त घ्यायचं आणि फुप्फुसांत ढकलायचं. तुमची उजवी बाजू ताणून मोठी झालीय. तिला ते ढकलणं झेपत नाहीये. मग रक्त मागे तुंबतं. मानेच्या शिरेत, यकृतात, पोटात, पायांत. बरगडीखाली दुखतं ते सुजलेलं यकृत.

ताई: म्हणजे हृदय गेलं.

डॉक्टर: गेलं नाही. कमी पडतंय. हार्ट फेल म्हटलं की बंद पडलं असंच लोकांना वाटतं.

ताई: माझ्या वडिलांचं असंच होतं.

डॉक्टर: त्यांचं काय बिघडलं होतं ते मला आज नाही सांगता येणार. पाय सुजतात ते सगळ्यांचे सारखेच दिसतात. मागचं कारण निरनिराळं असतं, आणि औषध त्या कारणाप्रमाणे. बहुतेकांची आधी डावी बाजू बिघडते आणि तिचं ओझं उजवीवर येतं. तुमची डावी चांगली आहे.

चिंगी: मग उजवीला झालं काय?

डॉक्टर: पुढची वाट अडलीय असं दिसतंय. फुप्फुसांतला दाब खूप वाढलाय. मावशी, सिगरेट, दमा, बरीच वर्षं धूर?

ताई: नाही. कागदाची धूळ तेवढी.

डॉक्टर: कधी अंथरुणाला खिळून होता?

चिंगी: दोन वर्षांपूर्वी पाय मोडला होता तिचा. दीड महिना प्लास्टर.

डॉक्टर: त्यानंतर कधी एकदम दम लागला? छातीत कळ? आठवून बघा.

चिंगी: नाही, तसं काही नव्हतं झालं.

ताई: झालं होतं.

चिंगी: काय?

ताई: प्लास्टर काढून आठवडा झाला असेल. जिना चढताना बाजूला सुरी खुपसल्यासारखी कळ आली. श्वास पुरेना. डोळ्यांपुढे अंधारी. पायरीवर तासभर बसून राहिले. मग हळूहळू उठले.

चिंगी: आणि मी कुठे होते?

ताई: त्या दिवशी तुझी जड वाहनाची परीक्षा होती. तुला ट्रक चालवायचा होता. मी फोन केला असता तर तू ट्रक तिथंच टाकून आली असतीस.

चिंगी: आलेच असते.

डॉक्टर: पायातली रक्ताची गुठळी फुप्फुसात जाऊन बसली असावी. कधी कधी ती विरघळत नाही. नळीत घट्ट चिकटून राहते आणि उजव्या बाजूला रोज तिच्याविरुद्ध जोर काढावा लागतो. स्कॅन करून खात्री करू. आज मात्र तुम्ही इथंच राहायचं. इंजेक्शननं पाणी काढू, नाकाला ऑक्सिजन, आणि रक्त पातळ करायचं औषध.

ताई: किती दिवस धरायचे?

डॉक्टर: राहायचे? पाच-सहा.

ताई: ते नाही विचारत मी.

डॉक्टर: कळलं मला. त्याचं उत्तर स्कॅन बघितल्याशिवाय माझ्याकडे नाही. असेल तेव्हा तुमच्यासमोरच बसून देईन. दाराबाहेर नाही.

ताई: कोणी सांगितलं तुम्हाला दाराचं?

चिंगी: मी. तुझा ईसीजी काढत होते तेव्हा.

*

चिंगी: आज किती?

ताई: चौपन्न किलो दोनशे. काल चौपन्न शंभर होतं.

चिंगी: शंभर ग्रॅमनं तोंड असं करतेस?

ताई: दवाखान्यातून आले तेव्हा नऊ किलो पाणी गेलं होतं. आता एक-एक थेंब परत येतोय की काय, असं वाटतं. काल दुपारी खुर्चीत बसल्या बसल्या पाय जड वाटले. चार वेळा काट्यावर चढले.

चिंगी: डॉक्टरांनी सांगितलंय, दोन दिवसांत दोन किलो वाढलं तर फोन करा. शंभर ग्रॅमला नाही.

ताई: त्यांना झोपायचं असतं घरी जाऊन. मला या पायांसोबत झोपायचंय.

चिंगी: मीठ?

ताई: मोजून. पाणी बाटलीनं मोजून. गोळ्या पाकिटावर तारीख लिहून. तीन महिने झाले, एक चुकली नाही.

चिंगी: मग भीती कसली?

ताई: सगळं नीट करूनही हे होतंय ना, त्याची. चुकले असते तर स्वतःला बोल लावला असता. जिन्याच्या चौथ्या पायरीवर अजून थांबतेच मी. पाय उतरले, दम नाही गेला.

चिंगी: उद्या दुसऱ्या स्कॅनचा रिपोर्ट येतोय. पहिल्यात दिसलेल्या गुठळ्या विरघळल्या का ते कळेल.

ताई: म्हणून तर तुला आज बोलावलं. उद्या तू माझ्यासोबत आत यायचं आणि माझ्याबरोबरच बाहेर पडायचं. आधी नाही, नंतर नाही.

*

चिंगी: डॉक्टर, एक मिनिट. ती खाली रक्त तपासायला द्यायला गेलीय. मला आधी सांगा.

डॉक्टर: त्या आल्या की सांगते.

चिंगी: वाईट आहे ना? तुमच्या तोंडावरून दिसतंय. मी दिवसभर लोकांची तोंडं बघते, कोण ब्रेकऐवजी दुसरीकडेच पाय देणार ते मला आधी कळतं. तिला नका सांगू. दुसरं काहीतरी सांगा. दिवस मोजून सांगितलेत तर ती बसल्या जागी संपेल.

डॉक्टर: मी त्यांना शब्द दिलाय.

चिंगी: मला दुसरं कुणी नाही हो. आई गेली तेव्हाही हिनंच केस विंचरून शाळेत पाठवलं मला.

ताई: सरळ भांग कधी पडला नाही मात्र.

चिंगी: ताई... तू कधी आलीस?

ताई: दारामागे उभं राहायची जुनी सवय आहे. ऊठ, खुर्ची दे मला. बोला डॉक्टर.

डॉक्टर: गुठळ्या दोन्ही फुप्फुसांत आहेत. जुन्या, कडक झालेल्या. रक्त पातळ करायच्या औषधानं नव्या होणार नाहीत, पण या जाणार नाहीत. असंच ठेवलं तर उजवी बाजू काही वर्षांत आणखी दमेल. पाणी काढत राहू, पण ते पुरायचं नाही.

चिंगी: झालं.

डॉक्टर: झालं नाही. या गुठळ्या मोठ्या नळ्यांत आहेत, म्हणजे हात पोचतो तिथं. ऑपरेशन करून त्या आतल्या अस्तरासकट सोलून काढता येतात. सगळ्यांना ही संधी नसते. मोठ्या हॉस्पिटलच्या सर्जननी तुमच्या स्कॅनचे फोटो बघितलेत. ते करायला तयार आहेत.

ताई: कसं करतात?

डॉक्टर: खरं सांगू?

ताई: अर्धवट सांगणारे खूप भेटले.

डॉक्टर: छाती उघडतात. अंग बर्फासारखं गार करतात. हृदय थांबवतात, काम मशीनवर घेतात. आणि सोलताना वीस-वीस मिनिटं ते मशीनही बंद ठेवतात, रक्त आड न येता आतलं दिसावं म्हणून.

चिंगी: म्हणजे तेवढा वेळ ती...

डॉक्टर: तेवढा वेळ अंगात रक्त फिरत नाही. गार असल्यामुळे मेंदू सांभाळला जातो. शंभरातल्या दोघी-चौघी यातून परत येत नाहीत. बाकीच्यांतल्या बऱ्याच जणी जिना चढतात.

ताई: पंखा वाढवता का जरा?

चिंगी: नको ताई. आपण घरी जाऊ. गोळ्या आहेत, काटा आहे. चालतंय ना.

ताई: चालत नाहीये, चिंगे. डॉक्टर, या हातांनी सुईत दोरा जायचा नाही आज. तरी तारीख घ्या.

चिंगी: विचार तरी कर.

ताई: घरी जाऊन विचार केला तर मी नाही म्हणेन. आत्ता घ्या तारीख.

*

(मोठं हॉस्पिटल. सकाळचे सात. ताईला न्यायला ट्रॉली आली आहे.)

ताई: दुकानाची किल्ली तुझ्याकडे आहे. कॉलेजची अकरा पुस्तकं दाबाखाली आहेत, ती उद्या काढ. जास्त दिवस राहिली तर पुठ्ठा वाकतो.

चिंगी: बरं.

ताई: तू रात्री झोपली नाहीस.

चिंगी: तू?

ताई: मी मोजत होते. वीस मिनिटं म्हणजे किती. घड्याळ बघून मोजलं. फार असतात गं वीस मिनिटं.

चिंगी: ताई, मला खूप भीती वाटतेय.

ताई: मलाही. बाबांना तेवढंच ऐकायचं होतं बहुतेक. कुणीतरी म्हणायला हवं होतं, आम्हालाही भीती वाटतेय म्हणून. हात सोड आता, त्यांना ट्रॉली फिरवायचीय.

चिंगी: सोडते.

ताई: सोड ना मग.

*

चिंगी: हळू. ती नळी अडकेल.

ताई: नळी कालच काढली. हा नुसता छातीचा पट्टा आहे.

चिंगी: अकरा दिवस झाले, तरी माझ्या डोळ्यांसमोर तू त्या काचेमागचीच आहेस. पांढरीफटक. नर्स म्हणाली, हात लावा, आणि माझी हिंमत होईना.

ताई: लावला होतास. मला कळलं होतं.

चिंगी: डॉक्टर सकाळी काय म्हणाल्या?

ताई: तुझ्यासमोरच म्हणाल्या.

चिंगी: मला पहिलं वाक्य ऐकू आलं, पुढचं काही डोक्यात शिरलं नाही.

ताई: दाब निम्म्याहून खाली आलाय. अगदी सगळा नाही गेला. बारीक नळ्यांत थोडं राहिलंय. रक्त पातळ करायची गोळी जन्मभर. उजवी बाजू हळूहळू आकसेल, महिने लागतील. आणि परत सूज दिसली तर लपवायची नाही, त्याच दिवशी यायचं.

चिंगी: येशील?

ताई: येईन. घाबरत येईन, पण येईन.

चिंगी: झालं तेवढं चालणं. बसतेस का? बाक आहे इथं.

ताई: त्या खिडकीपर्यंत जाऊ.

चिंगी: लांब आहे.

ताई: चल तर. तू बोलू नकोस, मला पावलं मोजू दे.

चिंगी: ...

ताई: आलो.

चिंगी: बस आता. दमलीस.

ताई: नाही. उभी राहते जरा. खाली ती बाई गाडी मागे घेतेय बघ, मघापासून तिला जागेत बसवता येत नाहीये.

चिंगी: चाक आधी वळवतेय ती. थोडं सरळ यायला हवं.

ताई: थांब, बघू दे. मला काही घाई नाही.