तगरीची मुळी

(निर्णा गाव, १९८८. पिराजीच्या अंगणात अर्धवट उकरलेली तगर. शेजारी गुलबर्ग्याहून आताच आलेली त्याची लेक विशाखा, पिशवी अजून हातात.)

विशाखा : उकरली ते उकरली, आबा. मुळ्या कुठं गेल्या?

पिराजी : दिल्या. तूच म्हणलीस ना, तगरीच्या मुळीत नशा सोडवायचं औषध हाय म्हणून?

विशाखा : असंल, म्हणले मी. आफ्रिकेत एक झुडूप हाय, त्याच्या मुळीतून इबोगाइन निघतं. त्यानं अफूची, गर्दची ओढ कमी व्हती म्हणतेत. त्याच्याच भावकीतलं काहीतरी आपल्या तगरीत हाय. ते तपासायलेय मी प्रयोगशाळेत.

पिराजी : तेच सांगितलं की गावात. माझ्या लेकीनं औषध काढलं म्हणून.

विशाखा : आणि मुळ्या कुणाला दिल्या?

पिराजी : बंडेप्पाला. अफू खाऊन खाऊन पार वाळलाय. सवताच्या पायानं आला आपल्या दारात. घरात बसला, पाणी मागून प्याला. त्याच्या बापानं मला कधी विहिरीच्या काठाला येऊ दिलं न्हाई, विशाखा.

विशाखा : खाल्ली का त्यानं?

पिराजी : न्हाई अजून. उद्या सोमवार. महादेवाचा वार बघून, उपाशीपोटी खातो म्हणला.

विशाखा : मंग आत्ताच जाऊन परत आणा. त्या आफ्रिकेच्या मुळीनं काळजाचा ठोका बिघडतो, माणूस दगावतो बी. आपल्या तगरीचं तर कुणालाच ठाऊक न्हाई. आम्ही अजून उंदरावरच बघायलोय.

पिराजी : दिलेलं परत मागू? पिराजी थापा मारतो म्हणंल गाव. आता कुठं लोक मला पारावर बसा म्हणायलेत. तुझं नाव घेऊन इचारायलेत.

विशाखा : मला बी बरं वाटलं ते ऐकून, खोटं कशाला बोलू? पण बंडेप्पाला उद्या काही झालं, तर कोणतं तोंड घेऊन बसणार पारावर?

पिराजी : पटका दे माझा.

विशाखा : मी येते संगं. मीच समजावून सांगते त्यांना.

पिराजी : तू कामून? जीभ माझी सैल सुटली. मी मागून आणतो.

विशाखा : काय सांगणार?

पिराजी : औषध अजून झालं न्हाई म्हणून सांगतो.

विशाखा : बस्स. तेवढंच सांगा.

पिराजी : तेवढंच कामून? माझी लेक करायलीय, हे बी सांगतो.